भिंतीवरची शेवटची ओळ

मुंबईच्या गिरणगावातल्या एखाद्या जुन्या गोदामाच्या भिंतीवर पुसट रंगीत अक्षरे दिसली की नजर आधी सगळ्यांत मोठ्या अक्षरांवर जाते. ते नाव एकदा लागले की पाटीची ओळख पटली, असे आपण समजून चालतो. खरे तर अशा पाटीवरचे नाव हा तिच्यातला सगळ्यांत कच्चा पुरावा असतो. पाटी कुणाची आणि कधीची हे ठरवायचे असेल, तर तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेला पत्ता, टेलिफोनचा आकडा आणि कंपनीच्या नावामागचे ‘लि.’ किंवा ‘प्रा. लि.’ आधी वाचायला हवे. मोठे नाव रस्त्यावरच्या माणसावर छाप पाडण्यासाठी रंगवलेले असते. खालची ओळ मात्र टपाल आणि माल नीट पोचावा एवढ्यासाठीच लिहिलेली असते. म्हणूनच ती जास्त विश्वासाची.

नावे कशी चकवतात याचे दाखले मुंबईतच हवे तेवढे आहेत. परळची जेकब ससून मिल ही ससून घराण्याची. १९४३ साली त्या घराण्याने आपल्या गिरण्या विकल्या आणि ती ‘इंडिया युनायटेड मिल नंबर १’ झाली. त्याच समूहातली सहा नंबरची गिरणी दादरच्या चैत्यभूमीजवळ होती. लोक तिला ‘इंदू मिल’ म्हणत राहिले आणि आज बाबासाहेबांच्या स्मारकाची जागा म्हणून सारा महाराष्ट्र तिला त्याच नावाने ओळखतो. म्हणजे कागदावरचे नाव एक आणि तोंडातले दुसरे. उलट प्रकारही तितकाच नेहमीचा. १९७४ च्या कायद्याने देशभरातल्या १०३ आजारी गिरण्या सरकारी झाल्या, मालकी नॅशनल टेक्स्टाइल कॉर्पोरेशनकडे गेली, पण कामगारांनी आणि शेजाऱ्यांनी गिरण्यांची जुनी नावे सोडली नाहीत. लोअर परळला फिनिक्स मिलचे सूत केव्हाच थांबले, तरी नाव मॉलवर झळकतेच आहे. ज्या नावाखाली मालक बदलतो, धंदा बदलतो, ते नाव वर्ष काय सांगणार?

आता खालची ओळ पाहू. समजा, भिंतीवर फक्त ‘मुंबई १३’ एवढेच उरले आहे. पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ रोजी. त्याआधी मुंबईच्या टपाल विभागांना साधे आकडे होते आणि नव्या पिनकोडात तेच आकडे शेवटी कायम राहिले. परळचा १२ हा ‘४०० ०१२’ झाला, डिलाइल रोडचा १३ हा ‘४०० ०१३’ झाला. त्यामुळे पूर्ण सहा आकडी पिन असलेली ओळ १९७२ च्या आधीची असूच शकत नाही. यातली खरी गंमत बारकाव्यात आहे. शेवटचे आकडे तेच राहिल्यामुळे जुनी पाटी पुसण्याची गरज नव्हती, पुढे ‘४०० ०’ भरले की काम भागत असे. म्हणून प्रत्येक आकड्याची जाडी आणि दोन आकड्यांमधली फट पाहावी. ‘१३’ ऐसपैस आणि गोलाईदार, पण त्याच्या अलीकडचे आकडे बारीक, दाटीवाटीने बसवलेले असतील, तर मूळ पाटी पिनकोडाच्या आधीची आणि भर नंतरची, असा निष्कर्ष निघतो. एकाच ओळीत दोन काळ सापडतात.

असेच इतर खुणांचे. १९५६ च्या कंपनी कायद्याने खासगी कंपनीच्या नावात ‘प्रायव्हेट लिमिटेड’ लिहिणे सक्तीचे केले, त्याआधी नुसते ‘लिमिटेड’ चालत असे. मोठ्या गिरण्या बहुतेक सार्वजनिक कंपन्या होत्या, त्यामुळे ही खूण गिरणीपेक्षा गल्लीतल्या छोट्या कारखान्यांना आणि गोदामांना जास्त लागू पडते. टेलिफोनचे आकडे पाचाचे सहा, सहाचे सात आणि या शतकाच्या सुरुवातीला आधी २ लागून आठ झाले. शहराच्या नावाबाबत मात्र जपून राहावे. रोमन लिपीतले बॉम्बे १९९५ मध्ये बदलले, पण मराठी पाट्यांवर मुंबई आधीपासून मुंबईच होती. तेव्हा ही कसोटी इंग्रजी पाटीलाच लावता येते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. पाट्या वेळच्या वेळी कुणी बदलत नाही, आणि पेंटर जुन्या पाटीवरून जशीच्या तशी नक्कल करतो. मग ‘मुंबई १३’ हे १९८० सालीही रंगवलेले असू शकेल. बरोबर आहे. म्हणूनच हे पुरावे एका दिशेनेच चालतात हे ध्यानात ठेवायला हवे. पिनकोड असणे हे पक्के सांगते, पिनकोड नसणे फक्त सुचवते. शुद्धलेखनाचा पुरावा तर याहून मऊ. १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले, त्यामुळे ‘येथें थुंकूं नये’ अशी सूचना दिसली की ती जुनी वाटते. पण ज्याचा हात त्या वळणाला बसला होता तो पेंटर पुढची कितीतरी वर्षे तसेच लिहीत राहिला असणार. पक्क्या खुणेला पक्की म्हणावे, मऊ खुणेला मऊ. दोन्ही एकाच तराजूत घातल्या की चूक झालीच.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. बारीक ओळच आधी उडते, मग वाचायचे काय? इथे रंगाचे रसायन मदतीला येते. जुने पेंटर पांढऱ्यासाठी शिशाचा सफेदा जवसाच्या तेलात घोटून वापरत. शिसे आणि तेल यांच्या संयोगातून साबणासारखी संयुगे बनतात आणि थर भिंतीला चिवटपणे धरून राहतो. गेरू आणि काजळी उन्हाला दाद देत नाहीत, काही भडक रंग मात्र पार उडून जातात. रंग संपूर्ण गेला तरी त्याने झाकलेला गिलावा आजूबाजूच्या गिलाव्यापेक्षा कमी झिजलेला असू शकतो. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन भिंतीला घासून जाते तेव्हा हा किंचित उंचवटा सावली टाकतो आणि अक्षर उमटते. पावसाच्या पहिल्या सरींनंतरही पाहावे, कारण तेलाचा अंश असलेली जागा आणि कोरडा गिलावा पाणी सारखे पीत नाहीत. शिवाय चांगला फोटो हाताशी असेल तर जॉन हार्मन यांनी गुहाचित्रांसाठी तयार केलेली डीस्ट्रेच ही संगणकप्रणाली रंगांमधला डोळ्याला न दिसणारा फरक ताणून दाखवते. ब्रशने घासणे, पाण्याचा फवारा मारणे किंवा खडूने अक्षरे गिरवणे मात्र कटाक्षाने टाळावे. पुरावा जातो तो जातोच, वर शिशाची धूळ नाकात जाते.

मग पाटी नव्याने रंगवूनच का टाकू नये, असे विचारणारेही आहेत, आणि त्यांचा हेतू चांगलाच असतो. इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात ‘बाइल बीन्स’ या औषधी गोळ्यांची जुनी भिंतजाहिरात पुन्हा रंगवून जपली आहे, आणि ती शहराची लाडकी खूण झाली आहे. सुंदर दिसते यात वाद नाही. पण नवा रंग मोठ्या अक्षरांचा मान राखतो आणि खालचे थर झाकतो. आकड्यांमधली ती फट, दोन वेगळ्या हातांची जाडी, आधीच्या पाटीचा एखादा डोकावणारा काना, हे सगळे एका दिवसात नाहीसे होते. रंगवायचेच असेल तर आधी संपूर्ण भिंतीचा, विशेषतः तळाच्या ओळीचा, मोजपट्टी शेजारी धरून फोटो घ्यावा. १९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि जमिनींवर टॉवर उठले. जिथे गिरणीची दप्तरे विखुरली तिथे भिंत हाच उरलेला कागद आहे. त्या फोटोखालच्या नोंदीत ‘अंदाजे १९७०’ असे लिहू नये. ‘पिनकोडाचे आकडे वेगळ्या हाताचे, मूळ मजकूर बहुधा १९७२ पूर्वीचा, नाव नंतर बदलले असण्याची शक्यता’ असे लिहावे, म्हणजे पुढच्या अभ्यासकाला आपण काय पाहिले आणि काय गृहीत धरले हे वेगवेगळे करता येईल.