वाकलेल्या तबकडीची पाऊणशे वर्षं

लाखेची तबकडी हातातून निसटली की संपली. 78 गतीच्या रेकॉर्डच्या काळात घरातली सगळी काळजी या एका भीतीभोवती फिरायची. लाख, दगडाची पूड, काजळी आणि थोडा कापसाचा धागा यांच्या मिश्रणातून ती तबकडी बनायची, आणि तिच्यातली लाख बहुतांशी भारतातून जगभर जायची. उन्हात तीही मऊ पडायची, वाकायची. पण ग्रामोफोनचा साउंडबॉक्स इतका जड की पोलादी पिन सगळे चढउतार रेटत पुढे निघून जाई. ऐकणाऱ्याला खरखरीचा त्रास व्हायचा, बाकाचा फारसा नाही.

महायुद्धानं हे चित्र बदललं. 1942 साली भारतातली लाख अमेरिकेत पोचणं कठीण झालं आणि तिथल्या सरकारनं रेकॉर्ड कंपन्यांच्या लाखेवर कडक मर्यादा घातल्या. पुढच्या वर्षापासून अमेरिकी सैनिकांसाठी ‘व्ही-डिस्क’ निघू लागल्या. दूरच्या छावण्यांपर्यंत न फुटता पोचाव्यात म्हणून त्यांच्यासाठी विनाइल वापरलं गेलं. 1948 मध्ये कोलंबियानं विनाइलचीच 33⅓ गतीची एलपी बाजारात आणली. फुटण्याची भीती मागे पडली आणि वाकण्याची सुरू झाली. तेव्हापासून आजवर या बाकावर जे जे उपाय निघाले ते पाहिले, की माझं मत पक्कं होत जातं: बाक काढण्याच्या प्रत्येक उपायाची काही ना काही किंमत मोजावी लागली आहे. तो येऊ न देण्याचा उपाय तेवढा फुकट होता, आणि आपल्याकडे तोच सगळ्यात कमी वापरला गेला.

बाक खऱ्या अर्थानं डोईजड झाला तो स्टिरिओमुळे. मोनो तबकडीत सूर आडव्या हालचालीत कोरलेला असतो. 1958 पासून रुळलेल्या स्टिरिओ तबकडीत डाव्या-उजव्या बाजूंचा आवाज खाचेच्या दोन तिरप्या भिंतींवर असतो, त्यामुळे सुईची वरखाली होणारी हालचालही संगीताचा भाग बनली. साहजिकच तबकडीचा बाकसुद्धा सुई आवाज म्हणून वाचू लागली. ही कंपनं इतकी मंद की कानाला ऐकू येत नाहीत, पण स्पीकरचा मोठा पडदा त्यांच्यापायी आतबाहेर होताना डोळ्यांना दिसतो आणि अ‍ॅम्प्लिफायरची ताकद त्यात फुकट जाते.

कानाला छळतो तो वेगळा दोष. एलपीचा एक फेरा 1.8 सेकंदांचा. तबकडीला एका जागी उंचवटा असेल तर दर फेऱ्याला सुई तो चढते आणि उतरते. पण टोनआर्म एका टोकाला खिळलेला असतो, म्हणून सुई सरळ वर न जाता छोट्या कमानीतून जाते आणि खाचेवर किंचित मागेपुढे सरकते. तेवढ्यानं सूर चढतो, उतरतो. भरगच्च वाद्यमेळात हे कदाचित लपून जाईल. आपल्या रागसंगीतात लपत नाही, कारण मागे तंबोरा अखंड लागलेला असतो आणि त्या स्थिर षड्जावर हेलकावा उघडा पडतो. उस्ताद अमीर खाँ यांची एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी असलेली एलपी घ्या. दरबारीचा कोमल गंधार आंदोलित, त्याचं संथ झुलणं हेच त्या रागाचं वैभव. बाक आलेल्या प्रतीवर गायकाच्या आंदोलनात तबकडीचं आंदोलन मिसळतं. गंधार झुलला तो खाँसाहेबांनी झुलवला म्हणून की तबकडी डोलली म्हणून, हे कळायला पुन्हा तंबोऱ्याकडेच कान लावावा लागतो. तंबोराही हलत असेल तर दोष तबकडीचा. माझ्या मते बाक मोजायला याहून चांगलं उपकरण नाही.

दोष दर वेळी घरच्या उन्हाचाच असतो असंही नाही. कारखान्यात विनाइलचा तापलेला गोळा दाबून तबकडी होते आणि साच्यातच थंड केली जाते. उत्पादन वाढवायच्या घाईत ती पुरती थंड होण्याआधी काढली, तर तिच्या अंगात ताण राहतो आणि बाक जन्मापासूनच येतो. वरून प्लास्टिकचं वेष्टन घट्ट आवळलेलं असलं की कडाही वळतात. 1969 मध्ये आरसीए कंपनीनं ‘डायनाफ्लेक्स’ नावाची पातळ, लवचिक तबकडी आणली. ती सपाट बसेल असा कंपनीचा दावा होता, पण लोकांनी तिला ‘डायनावार्प’ (वार्प म्हणजे बाक) म्हणायला सुरुवात केली. पाठोपाठ 1973 चं तेलसंकट आलं, विनाइलचा कच्चा माल महागला आणि पातळ तबकड्या सर्रास झाल्या.

तबकडी सुधारत नाही म्हटल्यावर वाजवणारं यंत्र सुधारायची धडपड सुरू झाली. हा काळ मला सगळ्यात आवडतो, कारण यातल्या उपायांनी तबकडीला धक्का लावला नाही. शुअर कंपनीनं 1978 मध्ये व्ही15 टाइप फोर ही कार्ट्रिज काढली. तिच्या पुढे एक छोटा ब्रश होता. तो तबकडीवर टेकून सुईच्या उड्या शोषून घेई. जपानच्या लक्समननं तर तबकडीखालची हवा खेचून ती थाळीला सपाट चिकटवणारे टर्नटेबल बनवले. कडेवर ठेवायची जड कडी आली, मधोमध ठेवायची वजनं आली. यांतलं बरंचसं इतकं महाग होतं की सामान्य घरात शिरलंच नाही, आणि तेवढ्यात सीडीही आली.

आपल्याकडे 1980 च्या दशकात कॅसेटनं एलपीला घराबाहेर नाही, पण माळ्यावर मात्र घालवलं. नाट्यसंगीत, भावगीतं, अभंग, बैठकीची गाणी, सगळं एकावर एक आडवं रचून ट्रंकेत गेलं. त्यावर गाद्या, त्यावर जुनी भांडी. विनाइल साधारण साठ अंशांच्या पुढे मऊ होतं हे खरं, पण वर्षानुवर्षं ओझ्याखाली राहिलं तर त्याहून बऱ्याच कमी उष्णतेतही ते हळूहळू आकार सोडतं. विदर्भ-मराठवाड्यातला वैशाख आणि पत्र्याखालचा माळा, एवढं त्याला पुष्कळ झालं. वाईट याचं वाटतं की खबरदारी केव्हाच छापून आली होती. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं 1959 मध्येच पिकेट आणि लेमको यांचा अहवाल प्रसिद्ध केला होता: तबकड्या उभ्या ठेवा, नीट आधार द्या, तापमान 21 अंशांच्या आसपास राखा. मुंबईत 1990 साली ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ उभी राहिली आणि संग्राहक एकमेकांना शोधू लागले, तोवर माळ्यांवरचे कितीतरी उन्हाळे उलटून गेले होते.

मग घरगुती उपचार. दोन काचांमध्ये तबकडी ठेवून उन्हात धरायची, ही युक्ती पुष्कळ घरांत केली गेली. बाक काहीसा उतरायचाही. पण ज्या उष्णतेनं बाक उतरतो, तिनंच खाचेच्या नाजूक भिंती ढिल्या पडतात आणि तारसप्तकातली धार जाते. ऊन कुणाच्या ताब्यात नसतं, हा त्यातला मोठा धोका. नुसतं पुस्तकांखाली दाबल्यानं नुकसान होत नाही, पण फायदाही क्वचितच. आता फुरुटेकसारख्या जपानी कंपन्यांची सपाटीकरण यंत्रं मिळतात. ती ठरावीक तापमानाला तबकडी काही तास धरून सावकाश थंड होऊ देतात. बशीसारखा एकसंध बाक त्यांत बरा जातो. कडेला बारीक चिमटा बसल्यासारखी मोड असेल तर मात्र ती बहुधा पुरती जात नाही. लाखेच्या जुन्या तबकडीला तर यात घालूच नये.

2022 मध्ये अमेरिकेत विनाइल तबकड्या संख्येनं सीडीहून जास्त खपल्या, 1987 नंतर पहिल्यांदाच. आपल्याकडेही तरुण मंडळी आजोबांचा संग्रह उघडून बसू लागली आहेत. नव्या 180 ग्रॅमच्या जाड तबकड्याही वाकतात, हे त्यांनी लक्षात ठेवावं. आणि जुनी तबकडी डोलते म्हणून लगेच तिच्या मागे लागू नये. सुई उडत नसेल आणि तंबोरा स्थिर असेल तर तिला तशीच राहू द्यावी. सपाट करायचीच असेल तर आधी ती आहे तशी संगणकावर उतरवून घ्यावी, कारण प्रत दुर्मिळ असली तर उपचारानंतर मूळ आवाज परत मिळणार नाही.

माळ्यावर अजून ट्रंक असेल, तर यंदाचं ऊन तापायच्या आत ती खाली आणा. तबकड्या उभ्या लावा, एकमेकींना टेकून तिरप्या नकोत, आणि पश्चिमेच्या भिंतीपासून लांब.