मुक्कामाच्या जुन्या गाडीत जनरेटर बसविताना

आश्विन महिना लागला की आपल्या वस्त्यांमधून नागपूरच्या तयारीची कुजबुज सुरू होते. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमी, ३१ डिसेंबरच्या रात्री भीमा कोरेगाव, २० मार्चला महाडचे चवदार तळे. खर्डीच्या माणसाला त्यातल्या त्यात चैत्यभूमी सोपी. कसाऱ्याहून येणारी लोकल धरली की दादर गाठता येते. बाकी ठिकाणी मात्र म्हातारीकोतारी, लेकरे, भांडीकुंडी आणि दोन-तीन दिवसांचा शिधा घेऊन निघायचे म्हणजे गाडी हवीच. कोरेगावला जायचे तर मुरबाडवरून माळशेज घाट चढावा लागतो. नागपूर तर सहाशे किलोमीटरच्या पुढे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला आणि आपल्या शहापूर तालुक्यातूनच नागपूरचा रस्ता मोकळा झाला. तेव्हापासून चार-पाच कुटुंबांनी मिळून एखादी जुनी ट्रॅव्हलर किंवा मिनीबस घ्यावी, मागच्या सीटा काढून झोपायला फळ्या टाकाव्यात, एका कोपऱ्यात ओटा करावा, असा विचार मनात येणे साहजिक आहे. श्रीमंत लोक याच प्रकाराला कॅम्पर व्हॅन किंवा कॅराव्हॅन म्हणतात. राज्य सरकारने २०२१ साली त्यासाठी पर्यटनाचे धोरणही आणले. आपल्यासाठी ती मुक्कामाची गाडी.

अशा गाडीत दिवा, पंखा, मोबाइल चार्जिंग हवे म्हटले की जनरेटरचा विषय निघतो. एके काळी आपले जलसे गॅसबत्तीच्या उजेडात रात्र रात्र रंगत. आता मोबाइलची बॅटरी संपली तर गर्दीत चुकलेले मूल शोधायचे कसे, हा खरा प्रश्न आहे. तेव्हा वीज ही चैन नव्हे. पण ती कुठून, किती आणि कशी आणायची याचा विचार गाडी निघण्याच्या आदल्या दिवशी करून चालत नाही.

जनरेटर केवढा घ्यावा, हे दुकानदाराला विचारण्याआधी घरातल्या बायकांना विचारावे. कारण हिशेब त्यांच्याच हातात आहे. समजा, गाडीत २० वॅटच्या ४ एलईडी ट्यूब लावल्या : ८० वॅट. ५० वॅटचे २ पंखे : १००. एका वेळी दहा मोबाइल लागले : फार तर १००. संध्याकाळी वंदना आणि भीमगीतांसाठी छोटा अॅम्प्लिफायर आणि दोन स्पीकर : २५० धरा. घरात कुणाला दमा असेल तर वाफाऱ्याचे मशीन : १५०. एकूण ६८० वॅट झाले. एक केव्हीएच्या छोट्या जनरेटरमधून सलग साधारण ८०० वॅट मिळतात, म्हणजे काम भागले. आता यात मिक्सर घाला. तो एकटाच ५०० ते ७५० वॅट खातो आणि सुरू होतानाचा झटका त्याहूनही मोठा असतो. झाले, एक केव्हीएचा जनरेटर अपुरा पडला! दोन केव्हीए घ्या, म्हणजे किंमत, वजन, पेट्रोल आणि आवाज सगळेच वाढले. एका वाटणासाठी एवढा खटाटोप कशाला? सुके खोबरे, लसूण आणि मसाला घरूनच वाटून डब्यात भरून नेला तर हजारो रुपये वाचतात. हा सल्ला कोणताही दुकानदार देणार नाही.

मात्र कुणी म्हणेल की वर्षातून तीन वेळा वापरण्यासाठी जनरेटर का घ्यायचा, उन्हाळ्यात विहाराच्या टाकीत पाणी चढवायलाही तो उपयोगी पडावा. म्हणणे रास्त आहे. तानसा, वैतरणा आणि भातसा ही धरणे मुंबईला पाणी देतात, आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर मार्च उलटला की टँकरची वाट पाहावी लागते. पण अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंप चालताना पाच-सहाशे वॅट घेत असला तरी सुरू होताना त्याच्या कितीतरी पट ओढतो. एक केव्हीएचा जनरेटर तिथे मान टाकतो. पंपासाठी दोन-अडीच केव्हीएचे यंत्र वेगळे भाड्याने आणावे, हे माझे मत. एकाच यंत्रावर दोन्ही कामे लादली की गाडीत उगाच ४० किलोचे धूड येऊन बसते.

प्रकार मुख्यतः दोन. साधा उघड्या सांगाड्याचा जनरेटर ५० हर्ट्झची वीज देण्यासाठी मिनिटाला ३००० फेऱ्यांनी फिरत राहतो, एक दिवा लावा की दहा. दुसरा इन्व्हर्टर पद्धतीचा. तो भार कमी झाला की इंजिनाची गती कमी करतो. त्यामुळे आवाज कमी, पेट्रोल कमी आणि वीजही स्वच्छ, मोबाइल व अॅम्प्लिफायरला मानवणारी. असा एक केव्हीएचा जनरेटर १३-१४ किलोचा असतो, एक बाई सहज उचलते. पूर्ण भारावर तो तासाला साधारण अर्धा लिटर पेट्रोल पितो. संध्याकाळचे चार तास धरले तर दोन लिटर, म्हणजे दोनशेच्या पुढे खर्च. चार-पाच कुटुंबांत तो जड नाही. बाजारात रॉकेलवर चालणारी जुनी यंत्रे स्वस्तात दिसतात. ती घेऊ नयेत. धूर, वास आणि सुट्या भागांची शोधाशोध यांतच हौस फिटते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात कोझिकोड जिल्ह्यातील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका कॅराव्हॅनमध्ये दोन कामगार मृतावस्थेत सापडले. अंगावर जखम नाही, झटापट नाही. रात्री वातानुकूलन यंत्रासाठी जनरेटर चालू ठेवून ते झोपले होते. पुढे तज्ज्ञांनी त्याच गाडीत जनरेटर चालवून तपासणी केली. तेव्हा गाडीच्या तळातील छिद्रातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू आत येत असल्याचे दिसले, आणि दोन तासांत त्याचे प्रमाण हवेच्या दहा लाख भागांत साडेनऊशेच्या पुढे गेले होते.

या वायूला रंग नाही, वास नाही. पेट्रोल, डिझेल, रॉकेल, कोळसा काहीही अपुऱ्या हवेत जळले की तो तयार होतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेली माणसे सकाळी उठत नाहीत, ती याच वायूमुळे. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूला दोनशेहून अधिक पट घट्ट धरून ठेवते. मग श्वास चालू असूनही शरीर गुदमरते. आधी डोके दुखते, मळमळते, हातपाय गळून जातात, काही सुचेनासे होते. प्रवासात यातले प्रत्येक लक्षण आपण गाडी लागली, ऊन लागले, जागरण झाले असे म्हणून सोडून देतो. एकाच गाडीतल्या दोघा-तिघांचे डोके एकदम दुखू लागले तर गोळी शोधत बसू नका. सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत काढा, जनरेटर बंद करा, दवाखाना गाठा आणि तेथे जनरेटर चालू होता हे आवर्जून सांगा. करोनापासून घरोघरी आलेले बोटाला लावायचे ऑक्सिमीटर इथे फसवते. हा वायू भिनलेल्या रक्तालाही ते निरोगी समजते आणि आकडा चांगला दाखवते.

कोरेगावची रात्र आठवा. ३१ डिसेंबरची थंडी, सगळ्या काचा बंद, फटींत चादरी कोंबलेल्या आणि आत दहा-बारा माणसे. नागपूरच्या उकाड्यात निदान खिडक्या तरी उघड्या असतात.

म्हणून माझे म्हणणे स्पष्ट आहे. गाडीत माणसे झोपलेली असताना जनरेटर चालू ठेवायचा नाही, मग तो कितीही चांगला बसवलेला असो. आणि शक्य असेल तर तो कायमचा बसवूच नये. गाडी थांबली की उतरवावा, दारे-खिडक्यांपासून निदान वीस फूट लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवावा आणि केबल ओढून घ्यावी. शेजारच्या गाडीतली, उघड्यावरची माणसेही आपलीच आहेत. आपला धूर त्यांच्या अंथरुणाकडे जाता कामा नये.

तरीही चोरीच्या भीतीने किंवा पावसामुळे काही जण तो गाडीतच बसवतील. त्यांनी जुन्या गाडीचा तळ आधी नीट पाहावा. आपल्याकडच्या पावसाळ्यात पंधरा-वीस वर्षे काढलेल्या गाडीचा पत्रा रबरी चटईखाली गंजून चाळणी झालेला असतो. अशा पत्र्यात बोल्ट मारून जनरेटर बसवला तर कसारा घाटातले खड्डे त्याला चार फेऱ्यांत सैल करतील. चेसिसच्या आडव्या पट्ट्यांवर लोखंडी अँगल वेल्ड करून घ्यावेत, त्यांवर रबरी बुश आणि मग जनरेटर. वेल्डिंगच्या वेळी गाडीच्या बॅटरीची वायर काढून ठेवावी. जनरेटरची पेटी लोखंडी पत्र्याची असावी, तिचे दार फक्त बाहेरून उघडावे आणि माणसे बसतात त्या बाजूला तिला एकही भोक नसावे. वायर आत नेण्यासाठी पाडलेले भोक रबरी बूच आणि सीलंटने बंद करावे. वडकऱ्याला घात झाला तो तळातल्या छिद्रानेच.

पेटी घट्ट केली की दुसरी अडचण येते. हवेने थंड होणारे इंजिन बंद पेटीत तापून बंद पडते. त्याला बाहेरच्या अंगाने थंड हवा आत यायला एक जाळी आणि गरम हवा बाहेर जायला दुसरी, अशा दोन मोठ्या जाळ्या लागतात. सायलेन्सरचा नळ लोखंडीच हवा, तो गाडीच्या कडेपलीकडे निघावा आणि दार ज्या बाजूला आहे त्याच्या उलट बाजूला. नळ गाडीखालीच सोडून देण्याची पद्धत सर्रास दिसते. ती घातक आहे. धूर तळाखाली साठतो आणि सापडेल त्या फटीतून वर येतो. धावत्या गाडीच्या मागे हवा ओढली जाते, म्हणून मागच्या दाराची कुजलेली बीडिंग बदलावी आणि प्रवासात जनरेटर बंदच ठेवावा.

एक सोपी परीक्षा आहे. अंधार पडल्यावर पेटीत प्रखर टॉर्च लावून ठेवा, दार लावा आणि गाडीत बसून पाहा. जिथून उजेडाची रेघ दिसेल तिथून धूरही येईल. पण रेघ दिसली नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. वायूला उजेडासारखी सरळ वाट लागत नाही. त्यासाठी कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारा गजर बाजारात मिळतो. तो झोपायच्या जागेजवळ लावावा. पैसे कमी पडले तर स्पीकर लहान घ्या, पण हा गजर घ्या.

मग रात्री दिवा-पंखा कशावर चालवायचा? बॅटरीवर. १२ व्होल्टची १५० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे १८०० वॅट-तास. ती टिकावी म्हणून निम्मीच वापरायची, म्हणजे ९०० उरले. नऊ वॅटचे ४ दिवे आणि १५ वॅटचे १२ व्होल्टवाले ४ पंखे मिळून ९६ वॅट होतात, म्हणजे नऊ तास निघाले. रात्र निघाली! नागपूरच्या वाटेवर गाडीच्या अल्टरनेटरवर ती भरते. फक्त मध्ये रिले लावून घ्यावा, नाहीतर सकाळी गाडीच सुरू होणार नाही. मुक्कामाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, सगळे बाहेर असताना, जनरेटरवर चार्जर लावून पुन्हा भरून घ्यावी. ही बॅटरी पन्नास किलोच्या वर जाते, ती पक्की बांधावी. चार्ज होताना तिच्यातूनही पेटणारा वायू निघतो, तेव्हा तिला जनरेटरच्या पेटीत किंवा गॅस सिलिंडरच्या शेजारी जागा देऊ नये.

विजेच्या जोडणीसाठी परवानाधारक वायरमनच बोलवावा. तीन तारांची केबल, जनरेटरचा सांगाडा चेसिसला जोडलेला आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, एवढे त्याच्याकडून करून घ्यावेच. आरसीसीबीचे चाचणीचे बटण दाबल्यावर तो पडतो का, हे आपल्यासमोर पाहावे. गाडी सारी लोखंडाची आणि लेकरे ओल्या पायांनी चढणार. पेट्रोल भरताना यंत्र बंद करून थंड होऊ द्यावे. ओट्यावर शेगडी पेटलेली असताना तर डबा उघडूच नये.

कागदपत्रांचेही पाहावे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातील तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. सीटा काढून फळ्या टाकणे आणि जनरेटर कायमचा बसविणे याबाबत कल्याणच्या आरटीओत आधी विचारून घ्यावे. नाहीतर अपघात झाला तर विमा कंपनी नेमके तेच बोट दाखवेल. १५ वर्षे झालेल्या खासगी गाडीची नोंदणी नव्याने करून घ्यावी लागते, हे गाडी विकत घेतानाच तपासावे. विकणारा सहसा ते बोलत नाही.

आणि जनरेटर रात्री दहाला बंद करण्याचे काम गाडीतल्या एकाच माणसाकडे नाव घेऊन सोपवावे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकरला मनाई आहेच. सरकार ठरावीक दिवशी बारापर्यंत सवलत देते तेवढीच. जनरेटरची किल्ली त्या माणसाच्या उशाशी असावी आणि अंथरुणे घालण्याआधी त्याने खाली उतरून यंत्र खरोखर बंद झाले आहे हे हात लावून पाहावे.