सीमेपलीकडचे सूर (भाग ७) : मांडव घालणाऱ्या

गेल्या आठवड्यात आपण पूर्व लॉस एंजेलिसच्या पंक गायिकांना भेटलो. ॲलिस बॅग आणि तेरेसा कोव्हारुबियास या मेक्सिकन वंशाच्या लेकी, पण मंचावर त्या गायच्या इंग्रजीत. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत त्याच शहरात स्पॅनिश रॉकनं मूळ धरलं. त्यात बायकांचा वाटा कोणता, ते आज पाहू.

आधी थोडं मेक्सिकोत जाऊ. सप्टेंबर १९७१ मध्ये आवान्दारोला प्रचंड रॉक महोत्सव झाला. तरुणांची ती गर्दी सरकारला मानवली नाही. रॉकला रेडिओची दारं बंद झाली, मोठे कार्यक्रम थांबले आणि बँड शहराच्या कडेच्या कळकट जागांत वाजवू लागले. १९८० च्या दशकाअखेरीस रेकॉर्ड कंपन्यांना त्यात धंदा दिसला, तेव्हा कुठे ‘तुमच्या भाषेतलं रॉक’ म्हणून ते पुन्हा बाजारात आलं. तोवर लाखो माणसं पोटासाठी कॅलिफोर्नियात गेली होती. कॅसेटी त्यांच्या मागोमाग गेल्या.

नोव्हेंबर १९९४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १८७ क्रमांकाचा प्रस्ताव मंजूर केला. कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांना सरकारी शाळा नाकारणारा, आणि तातडीचे उपचार सोडले तर सरकारी आरोग्यसेवाही नाकारणारा हा कायदा पुढे न्यायालयात टिकला नाही. पण भीती घराघरांत शिरली. मुलांना शाळेत सोडणाऱ्या, दवाखान्यात नेणाऱ्या आयांना ती आधी जाणवली. अशा वेळी हजारभर माणसांत उभं राहून स्पॅनिशमध्ये मोठ्यानं गाणं ही नुसती करमणूक उरत नाही.

मंचावर मात्र पुरुषांचीच गर्दी होती. म्हणूनच कोलंबियाच्या आतेर्सिओपेलादोस बँडची आन्द्रेआ एचेव्हेरी आणि हुलिएता व्हेनेगास यांचं येणं महत्त्वाचं. व्हेनेगासचा जन्म कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचचा, बालपण सीमेपलीकडच्या तिहुआनातलं. १९९७ च्या पहिल्या अल्बमपासून तिच्या गळ्यात ॲकॉर्डियन आहे. उत्तर मेक्सिकोच्या लोकसंगीतातलं हे वाद्य तिनं आपल्या रॉकमध्ये आणलं.

पण दोन-चार गायिकांनी वस्ती उभी राहत नाही. कार्यक्रमाची बातमी पोचवणारं, नव्या बँडबद्दल लिहिणारं कुणी लागतं. लाँग बीचहून निघणाऱ्या ‘ला बांदा एलास्तिका’ या स्पॅनिश रॉक मासिकाच्या संस्थापकांत मारिया माद्रिगाल होती. २०१० मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक रेडिओवर ‘आल्ट लातिनो’ हा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा त्याच्या दोन सूत्रधारांपैकी एक होती अर्जेंटिनातून आलेली हास्मिन गार्स्द.

या साऱ्याला पद्धतीचं रूप दिलं ते ‘केत्साल’ बँडच्या मार्था गोन्सालेसनं. ती स्थलांतरित आईबापांची लेक, लॉस एंजेलिसमध्येच वाढलेली. तिच्या बँडनं रॉकला बेराक्रूस प्रांताच्या सोन हारोचोची जोड दिली. या संगीताचा प्राण म्हणजे फान्दांगो. भोंडल्यात हत्तीभोवती फेर धरावा तशी तिथे एका लाकडी फळीभोवती माणसं जमतात. कुणी हाराना हे छोटं तंतुवाद्य वाजवतं, कुणी जागच्या जागी कडवं रचतं, बायका पाळीपाळीनं फळीवर पावलांचा ताल धरतात. गोन्सालेस बेराक्रूसला जाऊन राहिली आणि तिथल्या व लॉस एंजेलिसच्या बायकांना एकत्र आणून तिनं ‘एन्त्रे मुहेरेस’ हा प्रकल्प उभारला. गाणी रचली गेली ती घरांत, मुलांबाळांच्या गलबल्यात. मूल सांभाळायला कुणी नाही म्हणून तालीम सुटणं हे बाईच्या वाट्याला नेहमीचं. इथे मुलांना सांभाळणं तालमीतच धरलेलं होतं. २०१३ मध्ये ‘केत्साल’ला ग्रॅमी मिळालं, २०२२ मध्ये गोन्सालेसला मॅकार्थर फेलोशिप.

आता पुढची पिढी. लॉस एंजेलिसच्या आग्नेयेला, लातिनो वस्तीच्या हंटिंग्टन पार्क परिसरात, ‘चिकास रोकेरास’ हे उन्हाळी शिबिर भरतं. मुली वाद्य हाती घेतात, बँड जमवतात, गाणं रचतात आणि शेवटी घरच्यांसमोर वाजवतात. शिकवणाऱ्या बायका स्वयंसेवक असतात.

परक्या शहरात नातेवाईक नसतात. ते जोडावे लागतात. या बायकांनी रॉकचा उपयोग त्यासाठी केला. म्हणून या चळवळीचं मोजमाप गाजलेल्या अल्बमांवरून करू नये. तालमीला दार कुणी उघडलं आणि मुलं कुणी सांभाळली, ते विचारावं.

(पुढील भागात : तिहुआना, सीमेच्या कुंपणाला खेटून वाढलेलं संगीत)