उत्क्रांतीचा धडा आपल्या शिवारातही आहे

लोहाऱ्यातल्या दहावीच्या मुलांनो आणि पालकांनो, राज्य मंडळाच्या विज्ञान भाग २ मधला पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ घाईत उरकू नका. २०२३ मध्ये एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढला, तेव्हा ब्रेकथ्रू सायन्स सोसायटीच्या त्याविरोधातल्या पत्रावर १८०० हून अधिक शास्त्रज्ञ-शिक्षकांनी सह्या केल्या. आपल्या मराठवाड्यातही, २०१८ मध्ये औरंगाबादेत, तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनला चूक ठरवलं होतं. देशाच्या तिन्ही विज्ञान अकादमींनी ते लगेच खोडून काढलं, हे फार बरं झालं.

पुरावा हवाय? कापसावरची गुलाबी बोंडअळी बघा. बीटी कापसातल्या विषारी प्रथिनाने बहुतेक अळ्या मरायच्या. जनुकांतल्या फरकामुळे काही मोजक्या तगल्या. त्यांचीच पिल्लावळ वाढली, पुढच्या पिढ्यांत असा फरक असलेल्या अळ्या जास्त झाल्या. २००६ मध्ये आलेलं बोलगार्ड-२ हे बीटी तंत्रज्ञानही २०१७ पर्यंत तिच्यापुढे निष्प्रभ ठरलं आणि शेतकऱ्यांचं अतोनात नुकसान झालं. हीच नैसर्गिक निवड! एकेक अळी बदलत नाही, पिढ्यांमधलं प्रमाण बदलतं. परीक्षेत मुलं नेमकी इथेच गोंधळतात.

शाळेत किंवा वाचनालयात विज्ञानगप्पा होत असतील, तर पहिला विषय हाच घ्या आणि कापूस लावणाऱ्या एखाद्या शेतकऱ्यालाही बोलवा.