चेनची जोडकडी पुन्हा वापरावी का?

चढावर सीटवरून उठून पॅडलवर उभे राहिलात, की चेनवर किती ओढ पडते? वजन ७० किलो, क्रँक १७० मिलिमीटर लांब आणि पुढचे चक्र ४४ दातांचे धरा. या चक्राची त्रिज्या भरते सुमारे ८९ मिलिमीटर. म्हणजे भार जवळजवळ दुप्पट होऊन चेनला १३० किलोंची ओढ बसते. साखळीतल्या प्रत्येक कडीला ती सारखीच सोसावी लागते, जोडकडीलाही. ती कडी सुटली तर पायाखालचा आधार एकाएकी जातो आणि माणूस हँडलवर आपटतो. म्हणूनच चेन धुवायला काढल्यावर जुनी जोडकडी परत बसवावी का, हा प्रश्न क्षुल्लक नाही.

साध्या, बिनगिअरच्या सायकलच्या जोडकडीत दोन पिना, एक सुटी पट्टी आणि वर क्लिप असते. गंमत अशी, की ओढ क्लिप सोसतच नाही; ती पट्ट्या आणि पिना सोसतात. क्लिपचे काम एवढेच, की पट्टी बाजूला सरकू द्यायची नाही. त्यामुळे पिनांवर खाच किंवा पट्टीच्या भोकाशी चीर नसेल, तर कडी खुशाल पुन्हा वापरा. क्लिप मात्र स्प्रिंगच्या पोलादाची. स्क्रूड्रायव्हरने उचकटताना ती मर्यादेबाहेर ताणली गेली, की पुन्हा पूर्वीसारखी आवळत नाही. सैल वाटली तर टाकून द्या. बसवताना तिचे बंद तोंड चेन पळते त्या दिशेला हवे. उघडी टोके पुढे राहिली, तर कशाला तरी अडकून क्लिप निघून येते.

गिअरच्या सायकलची गोष्ट वेगळी. तिथे बाहेर आलेली क्लिप गिअरला अडकेल, म्हणून एकसारखे दोन अर्धे भाग एकमेकांत बसतात. प्रत्येकाला एक पिन आणि किल्लीच्या भोकासारखी खाच. चेन ताणली की पिन खाचेच्या अरुंद टोकात ‘टक’ करून बसते. दर वेळी उघडताना पिन त्याच अरुंद गळ्यातून जाते आणि पकड थोडी झिजते. ८ गिअरच्या जाड चेनला हे चालून जाते. स्रॅम कंपनीची त्या चेनसाठीची कडी पुन्हा वापरण्यासाठीच बनवलेली आहे. ११ आणि १२ गिअरच्या चेन अरुंद, पट्ट्या पातळ. त्यांच्यासाठीच्या स्वतःच्या कड्या स्रॅम आणि शिमानो एकदाच वापरायला सांगतात. काटकसर इथे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुन्हा वापरता येणारी कडीही आधी रॉकेलने धुऊन उजेडात पाहा. पूर्वी पक्कड लागायची आणि आता बोटांनीच उघडते, तर तिचे दिवस भरले. बसवल्यावर मागचा ब्रेक दाबून पॅडलवर जोर द्या. ‘टक’ ऐकू आले नाही, तर रस्त्यावर जाऊ नका.

आणि चेन नवी घ्याल, तेव्हा जोडकडीही नवीच घ्या.