अंगठा गेला, हक्क नव्हे

अंबड औद्योगिक वसाहतीत यंत्रावर अंगठा गमावलेला मुलगा आपल्या घरी असेल, तर ‘चाळीस टक्के भरत नाहीत, काही मिळणार नाही’ असे समजून कागदपत्रे गुंडाळून ठेवू नका.

चाळीस टक्क्यांची अट दिव्यांग प्रमाणपत्रावर आधारलेल्या सवलतींसाठी असते. कर्मचारी राज्य विमा योजनेत मोजमाप निराळे. कामावर अपघात झाल्यास तेथे वैद्यकीय मंडळ कमाईची क्षमता किती घटली हे ठरवते. अंगठा पूर्ण गेल्यास ही घट तीस टक्के धरली जाते. रोजची सरासरी मजुरी 500 रुपये असेल, तर तिच्या 90 टक्के म्हणजे 450 रुपये हा पूर्ण दर. त्याच्या तीस टक्के, म्हणजे दिवसाला 135 रुपये, आजन्म मिळतात. पुढे दुसरे काम मिळाले तरी ते थांबत नाहीत. कामावर रुजू झाल्याच्या पहिल्या दिवशी अपघात घडला तरी हा हक्क असतो.

म्हणून अपघाताची नोंद कारखान्यात त्याच दिवशी करवून घ्या. विमा क्रमांक, उपचारांचे कागद आणि वेतनचिठ्ठ्या एका पिशवीत जपा.

अपंगत्व कामामुळे आलेले नसेल, तर मात्र दिव्यांग प्रमाणपत्र काढून संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी तहसील कार्यालयात चौकशी करावी. तेथे उत्पन्नाची मर्यादाही पाहिली जाते. पासष्टीनंतर निराधारांसाठी श्रावणबाळ योजना आहे.

मुलाचा हात अधू झाला असेल; अर्ज लिहिण्यासाठी आपला हात पुढे करा.