बाहेर काळा, आत गुलाबी!

दोस्तांनो, दगड म्हटलं की कोणता रंग आठवतो? काळा? करडा? फार तर विटकरी? पण एक दगड चक्क गुलाबी असतो! कुणी रंगवलेला नाही हं, मुळातच गुलाबी! त्याचं नाव ऱ्होडोनाइट.

हा रंग त्याला कोण देतं? ओळखा पाहू! मँगनीज नावाचा धातू! हाच धातू पोलाद बळकट करायलाही वापरतात. ऱ्होडोनाइटमध्ये मँगनीजच्या जोडीला सिलिकॉन असतो आणि ऑक्सिजनही. हो, आपण श्वासातून घेतो तोच! सिलिकॉन आणि ऑक्सिजन एकत्र बांधलेले असले, की त्या खनिजाला सिलिकेट म्हणतात. म्हणून हा झाला मँगनीजचा सिलिकेट.

आता खरी गंमत! या दगडात प्रत्येक सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन असतात. अशा एका गटाला आपण एक मूल समजू. मैदानावर साखळीच्या खेळात तुम्ही हात धरून रांग करता ना? इथेही तसंच! एका हाताला एक शेजारी, दुसऱ्या हाताला दुसरा. हात धरायचा म्हणजे एक ऑक्सिजन दोघांनी मिळून वापरायचा!

ही रांग सरळ नसते बरं का. प्रत्येक मूल थोडं वेगळं वळून उभं असतं. मग अगदी पहिल्यासारखं उभं राहिलेलं मूल पुन्हा कधी भेटतं? थेट सहाव्या जागी! दर पाच मुलांनंतर तीच नक्षी पुन्हा सुरू! सह्याद्रीच्या काळ्या दगडात पायरॉक्सीन नावाची खनिजं असतात. त्यांच्यातही साखळ्याच, पण तिथे नक्षी दर दोन मुलांनंतर पुन्हा येते. म्हणून शास्त्रज्ञ ऱ्होडोनाइटला पायरॉक्सीनच्या चुलत घराण्यात बसवतात.

आणि मँगनीज कुठे असतं? या साखळ्यांच्या मधे! तेच त्यांना एकमेकींशी जखडून ठेवतं.

म्हणून हा दगड चांगलाच कठीण असतो. सर्वांत कठीण हिऱ्याला 10 गुण दिले, तर याला साधारण 6! साध्या सुरीने त्यावर ओरखडा उठणं अवघड. ऱ्होडोक्रोसाइट नावाचा आणखी एक गुलाबी दगड असतो, पण तो मऊ. सुरीने सहज ओरखडतो. दोघांतला फरक ओळखायची ही सोपी युक्ती! (सुरी मात्र मोठ्यांच्याच हातात हं!)

आणि ऐका! हा गुलाबी दगड हवा-पाण्यात राहिला, की काळा पडतो! त्यातल्या मँगनीजचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होतो आणि वर काळा थर चढतो. कधी भेगांमधून काळ्या रेघाही उमटतात. गुलाबीवर काळी जाळी! काय सुरेख दिसते!

हा दगड सापडतो कुठे? रशियाच्या उरल पर्वतात, ऑस्ट्रेलियात, स्वीडनमध्ये, अमेरिकेत. मॉस्कोच्या मायाकोव्हस्काया मेट्रो स्थानकात खांबांच्या सजावटीत तो बसवलाय. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्याचं तर हे अधिकृत रत्न आहे!

आणि आपल्याकडे? आहे की! नागपूर, भंडारा आणि शेजारच्या बालाघाट जिल्ह्यांत मँगनीजच्या मोठमोठ्या खाणी आहेत. फार फार पूर्वी तिथे मँगनीजचा गाळ साचला होता. तो जमिनीत खोल गाडला गेला, तापला, दाबला गेला आणि त्यातून नवे खडक घडले. अशाच एका खडकाला लुईस फर्मर या भूवैज्ञानिकाने 1909 मध्ये गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ नाव दिलं. त्या खडकात कुठे कुठे ऱ्होडोनाइटही मिळतो!

तेव्हा काळा दगड दिसला, की लगेच नाक मुरडू नका! शाळेत दगडांचा संग्रह असेल, तर बाईंना नक्की विचारा, “यातला कोणता दगड आतून गुलाबी आहे?”